डाव्या हाताचं ग म भ न

पुणे, ३ डिसेंबर २०२५

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू मे महिन्यातली ती गोष्ट पुन्हा काढलीस. चंदीगडला भोंगे वाजत होते, रात्री सगळीकडे अंधार, तुमच्या बी.एड.च्या मुलींचे सराव पाठ रद्द झाले, आणि त्यातल्या एकीने तुला विचारलं, "मॅडम, अशा दिवसांत अध्ययनाचं संक्रमण, म्हणजे एकीकडचं शिकलेलं दुसरीकडे कसं उतरतं ते, शिकून काय करायचं?" तुला उत्तर सुचलं नाही म्हणालीस. रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तारीखही आजचीच. ३ डिसेंबर १९७१, शुक्रवार. मीही तेव्हा पुण्यात, तुझ्या विद्यार्थिनींसारखीच, शिक्षिका व्हायला शिकत होते. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला. रात्री उशिरा इंदिरा गांधी रेडिओवरून बोलल्या, तेव्हा आम्ही साऱ्या वसतिगृहाच्या कॉमन रूममध्ये अंगावर शाली ओढून बसलो होतो. माझ्या मांडीवर सिंधूच्या खोऱ्याचा अर्धा रंगवलेला तक्ता होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळच्या शाळेत माझा भूगोलाचा पाठ होता.

पुणं म्हणजे लष्कराचं गाव. लोहगावचा विमानतळ, खडकीचा दारूगोळा कारखाना, दक्षिण कमांडचं मुख्यालय, त्यामुळे काळोख अगदी कडक पाळायचा. आमच्या कॉलेजचं तर रूपच पालटलं. हस्तव्यवसायाच्या वर्गात खळ शिजली आणि खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्यांच्या फुल्या चिकटल्या. ग्रंथालय दिवेलागणीच्या आत बंद. पाठाची टाचणं दुपारीच उरकायची, नाहीतर कंदिलाला तीन बाजूंनी काळा कागद लावून त्याच्यापुढे चौघींनी डोकी एकत्र करून लिहायचं. रॉकेलच्या वासाने डोकं चढायचं. सायकलींच्या दिव्यांची वरची अर्धी काच काळी केलेली. पण पाठ थांबले नाहीत. प्राचार्य प्रार्थनेच्या वेळी एवढंच म्हणाले की शाळा चालू आहेत, तेव्हा पाठही चालू राहतील. आपल्या पुण्यातलं टिळक शिक्षण महाविद्यालय तर निघालंच १९४१ साली, महायुद्ध ऐन भरात असताना. शिक्षक घडवायला शांततेची वाट बघत बसलं तर कधी घडायचे ते, सांग.

तर तो शनिवारचा पाठ. सातवीचा वर्ग, कॅम्पाच्या बाजूची शाळा. प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं, फळ्यावर पाच नद्या काढल्या. मागच्या बाकावरून भूगोलाचे सर निरीक्षण लिहीत होते. तक्त्यावर चिनाब दाखवायला मी एका मुलाला पुढे बोलावलं. त्याने चिनाबवर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून विचारलं, "बाई, माझे बाबा इथेच असतील का?"

टाचणात याचं उत्तर नव्हतं. वर्ग गप्प. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काळजी करू नकोस हं, ते सुखरूप परत येणार." तो जागेवर जाऊन बसला. मला वाटलं, चांगलं सांभाळलं.

तास संपल्यावर सरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही त्याला जे सांगितलंत ते तुम्हाला माहीत होतं का? जे आपल्याला माहीत नाही, ते मुलाला सांगू नये. त्याने नकाशावर बोट ठेवलं होतं. त्याला तो नकाशा वाचायला शिकवायचा." मग त्यांनी खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं, भिंतीवरच्या भारताच्या नकाशावर पुणे ते अमृतसर दोरा धरला आणि प्रमाणपट्टीवर टेकवून दाखवला. साधारण साडेचौदाशे किलोमीटर. "एवढं तुम्हाला येतं. एवढं तरी द्यायचं होतंत त्याला."

मी त्या शाळेत पुन्हा जाऊन हे करणार होते. पण पुढच्या आठवड्यात आमचे पाठ दुसऱ्या शाळेत लागले. त्या मुलाचे वडील परत आले की नाही, मला आजतागायत ठाऊक नाही. मी मात्र त्याला वचन देऊन बसले होते. ताई, हे मी तुझ्या बाबांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

१६ डिसेंबरला ढाक्याला पाकिस्तानी सैन्य शरण आलं, दुसऱ्या दिवशी युद्ध संपलं. पेढे वाटले, काचांवरच्या फुल्या खरवडून काढल्या, नखं दुखली. जानेवारीत मानसशास्त्राच्या बाईंनी आम्हा सहाजणींना कृत्रिम अवयव केंद्रात नेलं. हे केंद्रही १९४४चं, म्हणजे मागच्या महायुद्धातलं. जखमी जवानांची घरची पत्रं लिहून द्यायची, असं ठरलं होतं. माझ्या वाट्याला साताऱ्याकडचा एक शिपाई आला. माझ्याच वयाचा, उजवा हात कोपराच्या वर संपलेला. म्हणाला, "पत्र नको लिहू. मला लिहाया शिकव." आणि मग, "येईल का पण?"

"येईल की" अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "आज उभी रेघ काढू."

ती रेघही निघेना, कारण पाटी धरायला दुसरा हात नव्हता. पाटी सरकायची, पेन्सिल किंचाळायची. मी ओला रुमाल पिळून पाटीखाली घातला, तेव्हा ती जागेवर बसली. मग पाटीचं वरचं टोक उजवीकडे कलतं केलं. त्याला अक्षरं येत होती, फक्त हात नवा होता. ग म भ न. आणि शिरोरेघ? ती डावीकडून उजवीकडे ओढायला गेला की त्याचाच हात आड यायचा, लिहिलेलं पुसायचं. आम्ही ती उलटी, उजवीकडून डावीकडे ओढायला लागलो.

आता तुझ्या त्या मुलीला सांग. प्रयोगशाळेत आरशात बघून चांदणी काढायचा प्रयोग तिनेही केला असेल. एका हाताने सराव करायचा आणि दुसऱ्या हाताच्या चुका मोजायच्या. एका हाताचं शिक्षण दुसऱ्या हातात थोडंफार उतरतं, हेच ते अध्ययनाचं संक्रमण. आम्ही तो प्रयोग दिवाळीआधी कंटाळत केला होता. त्या पाटीपाशी बसल्यावर मला कळलं की हा माणूस कोरा नाही, वीस वर्षांचा उजवा हात त्याच्या डाव्या हातात कुठेतरी आहे. म्हणून मी त्याला बिगरीतल्या मुलासारखं शिकवलं नाही. पाचव्या दिवशी तो जोडाक्षरांवर आला.

तीन आठवड्यांनी त्याने आंतर्देशीय पत्र मागितलं. मी रुमाल ओला करून आणला, पत्र त्यावर ठेवणार तर म्हणाला, "भिजंल की." त्याने कागदाचा कोपरा पाण्याच्या तांब्याखाली दाबला, पत्र कलतं केलं आणि लिहिलं, "ती. आईस". मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, आता जरा पलीकडे जा." मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. काय लिहिलं ते त्याने दाखवलं नाही. घड्या मात्र स्वतःच घातल्या, एक टोक दातात धरून.

थंडी फार आहे का तिकडे? जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई