मिस्सा घरी येणार आहे

प्रिय आई-बाबा,

आधीच सांगून टाकते, म्हणजे रागवायचं ते एकदाच रागवा. मी फादरांशी बोलले. येत्या रविवारपासून बाबांना कम्युनियन, म्हणजे देवळातल्या मिस्सेच्या उपासनेतला भाकरीचा प्रसाद, घरी मिळेल. तुम्हाला विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर बाबा ‘मला काय धाड भरलीय’ म्हणाले असते आणि पुन्हा पहाटेच्या अंधारात त्या पायऱ्या चढले असते. गेल्या महिन्यातलं उगाळत नाही.

बाबा, तुम्हाला पापाची धास्ती वाटते, ठाऊक आहे मला. रविवारची मिस्सा चुकवायची नाही हे खरंच, पण आजाऱ्याला त्यातून सूट आहे. ही माझी पळवाट नाही, चर्चच्या शिकवणुकीच्या पुस्तकात, कॅटेकिजममध्येच लिहिलंय. कम्युनियनआधीचा तासाभराचा उपासही वयस्करांना लागू नाही. तेव्हा आधी पोटात काहीतरी, मग गोळ्या. हट्ट चालणार नाही.

मिस्सा म्हणजे हजेरी नव्हे, हे तुम्हीच शिकवलंत. क्रुसावरचं तेच अर्पण वेदीवर आपल्यासमोर येतं, त्यात आपलंही काही ठेवायचं. माझ्याकडे ठेवायला काय आहे, असं मी विचारलं होतं. तुम्ही कानात म्हणालात, “फादर द्राक्षारसात पाण्याचा थेंब घालतात ना, तो तू.” प्रवचनभर आईच्या मांडीवर झोपणारी मी त्या थेंबासाठी मात्र डोळे उघडायचे. अजूनही तिथेच बघते. आता तुमचा थेंब दुखऱ्या कमरेसकट घरून घाला, तेवढंच.

आणि घरी नेणं काही आजचं फॅड नाही. इ.स. 155च्या सुमारास संत जस्टिन यांनी लिहून ठेवलंय, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, प्रसाद घेऊन जात. तुम्ही तर लहानपणी लॅटिन मिस्सेला वेदीसेवक होतात. शेवटचं ‘इते, मिस्सा एस्त’ आठवतं? मिस्सा हे नावच त्या निरोपाच्या शब्दावरून पडलं. देवळातून निघायचंच असतं तिला, या खेपेला तुमच्या दारी येईल.

आई, टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती. बाकी धावपळ नको. तुला मात्र सूट नाही हं! शनिवारी संध्याकाळी जात जा, ती रविवारचीच धरतात. तेवढा वेळ मी बाबांशी फोनवर बोलत बसेन. बाबा, फोन चार्ज करून ठेवा. आणि मोजे घालूनच झोपा.

तुमची,
झोपाळू