तुझ्या गाण्याला एकच खोली पुरे

कोल्हापूर,
१८ नोव्हेंबर

प्रिय सागर,
सप्रेम नमस्कार.

गाणं मिळालं. तालाच्या जागी तू खऱ्या यंत्रमागाची खडखड वापरलीस आणि मी थेट तुमच्या इचलकरंजीच्या गल्लीत जाऊन पोचलो. रात्री तीनदा ऐकलं.

आता या गाण्याच्या व्हिडिओच्या सेटचं. घर, कारखाना आणि गावाकडचं शेत असे तीन सेट तुला हवेत. जमलं नाही तर हिरव्या पडद्यापुढे शूट करून मागचं दृश्य नंतर बसवू म्हणतोस. मला हे अजिबात पटत नाही. गाणं रात्रपाळी करून घरी आलेल्या बापाचं आहे. कारखाना त्याच्या कानात आहे, शेत त्याच्या मनात आहे. ते दाखवायला गेलो की गाण्यातलं निघून जाईल. आपण त्याची खोली तेवढी बांधू आणि ती जीव ओतून बांधू. शिवाय केसांना, शर्टाला चिकटलेला कापूस दिसलाच पाहिजे ना? हिरव्या पडद्यापुढे नेमक्या अशाच बारीक तंतूंच्या कडा तुटतात आणि पडद्याची हिरवट झाक अंगावर येते ती वेगळीच.

आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी हाच निर्णय घेतला होता. नाटकांचे पडदे रंगवण्यात हात मुरलेला माणूस, पण सिनेमात आल्यावर त्यांनी रंगवलेले पडदे सोडून भरीव सेट उभे केले. मला त्याचं फार मोल वाटतं. पडद्यावर रंगवलेली सावली एकीकडे आणि दिव्याची सावली दुसरीकडे, हे नाटकात लांबून खपून जातं. कॅमेरा मात्र जवळ येतो.

मी कागदावर आखणी केली आहे. कॉलेजच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, एपीएस-सी या लहान मापाचा. भिंतीपासून १२ फुटांवर ३५ मिलिमीटरची लेन्स लावली तर भिंतीचा जेमतेम ८ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच तुकडा दिसतो. २४ ची लावली तर जवळपास १२ फूट रुंद, उंची सातच्या आत. गाण्यातला माणूस खाटेवर बसलेलाच आहे, त्यामुळे चार भिंती कशाला हव्यात? प्लायचा तक्ता ८ बाय ४ चा येतो. मागच्या भिंतीला तीन, बाजूच्या भिंतीला दोन. काटकोनात जोडून मागून तिरके टेकू द्यायचे आणि टेकूंवर वाळूच्या पिशव्या. छत नको, वरून दिवे सोडता येतील. बाजूच्या भिंतीत मात्र खरी, जुनी, गजांची खिडकी हवी. पाडलेल्या घरांचं लाकूड विकतात तिथे शोधतोय. खाट भिंतीपासून निदान चार फूट पुढे ठेवू, नाहीतर बसलेल्या माणसाची सावली मागच्या भिंतीवर चिकटून बसेल.

रंग फिकट हिरवट-निळा, डिस्टेंपरचाच. ऑइलपेंट चमकतो आणि पांढरी भिंत दिव्यात उजळून चेहरा खाते. या रंगापुढे सावळी कातडी फार सुंदर उठून दिसते. त्यावर खालच्या हातभर पट्ट्याला ओल, स्टोव्हच्या वर काजळी, आणि वर्षानुवर्षं कॅलेंडर टांगलेल्या जागी एक उजळ चौकोन. चहाचं पाणी फिरवून, ओल्या फडक्याने पुसून, मग पॉलिश पेपर मारून हे जुनेपण आणता येतं. या कामाला मी दोन दिवस राखून ठेवले आहेत, त्यात घाई करणार नाही.

तीन कडवी उजेडाने वेगळी करू. पहिल्याला रस्त्याच्या दिव्याचा पिवळा, दुसऱ्याला पहाटेचा निळसर, तिसऱ्याला खिडकीतून तिरकं ऊन. दिव्यापुढे पुठ्ठ्याची पाती फिरवली की भिंतीवर पट्टे सरकतात. ती पाती तुझ्या मागाच्या ठेक्यावर फिरवायची. कारखाना एवढाच दिसू दे. दिवे एलईडीचेच घेऊ, हॅलोजनच्या धगीजवळ कापूस नको.

शेवटच्या ओळीला शर्ट झटकला की कापूस सावकाश खाली यावा असं डोळ्यांपुढे आहे. तो शॉट सेकंदाला ५० फ्रेमने घ्यायचा आणि २५ ने चालवायचा. पण ओठ गाण्याशी जुळायला हवेत, तर सेटवर गाणं दुप्पट वेगात वाजवावं लागेल. तेवढी एक फाइल तू बनव. तालमीला आधी पाठव, त्या वेगात ओठ हलवायला सराव लागतो.

आणि हे सगळं घरून आण: मागातून आडवा धागा नेणारा एक धोटा, सुताच्या मूठभर रिकाम्या कांड्या, पिशवीभर झाडलेला कापूस आणि तुझ्या बाबांचा कामावरचा शर्ट. नवा नको, धुऊनही नको. घरातली खाट किती लांब, किती उंच आणि खिडकी जमिनीपासून किती वर, हे टेपने मोजून लिही. मी रविवारी सुताराकडे जातोय, त्याआधी मापं मिळाली तर बरं. आणि काकांना विचारून बघ, ते स्वतः खाटेवर बसतील का? माझ्या मनात दुसरं कुणी येतच नाही. नाही म्हणाले तर आग्रह करू नकोस, आमच्या नाटकाच्या ग्रुपमधला एक जण तयार आहे.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
निखिल