देवभीरू मतदार आणि कोर्टातल्या खुर्च्या

कोलंबस, ओहायो

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "दर रविवारी चर्चला जाणारी ही माणसं तीन लग्नं केलेल्या ट्रम्पला मत देतातच कशी?" तेवढ्यात वहिनींनी जेवायला हाक मारली आणि विषय तिथेच राहिला. फोनवर उरकण्यासारखा तो नव्हताच. माझ्या मते त्यातल्या बऱ्याच जणांनी मत दिलं ते सुप्रीम कोर्टातल्या खुर्च्यांसाठी, म्हणजे गर्भपाताचा हक्क मोडीत काढणारे न्यायाधीश तिथे बसावेत म्हणून.

गर्भपाताला विरोध हा रिपब्लिकन पक्षाचा पहिल्यापासूनचा बाणा आहे, असं आपण धरून चालतो. तसं अजिबात नाही रे. १९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' निकालाने देशभर गर्भपाताचा हक्क मिळाला. त्या बाजूच्या सात न्यायाधीशांपैकी पाच जण रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. विरोधात दोघेच, आणि त्यातले बायरन व्हाइट डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नेमलेले! कॅलिफोर्नियात गर्भपाताचे निर्बंध सैल करणाऱ्या १९६७ च्या कायद्यावर सही गव्हर्नर रेगन यांची. सदर्न बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी आज गर्भपातविरोधी चळवळीचा कणा आहेत, पण १९७१ मध्ये त्यांनीच ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा आईच्या तब्येतीला धोका असेल तर कायद्याने मुभा असावी. खरा विरोध कॅथलिकांचा होता, आणि ते तेव्हा बहुतेक डेमोक्रॅट.

पारडं कसं फिरलं यावर इतिहासकार अजून भांडतात. रँडल बाल्मर म्हणतात, ठिणगी गर्भपाताची नव्हतीच. वंशभेद पाळणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठासारख्या ख्रिस्ती संस्थांची करसवलत सरकारने काढली, त्याचा तो राग होता. पॉल वायरिकसारख्या चाणाक्ष संघटकांनी त्याला नंतर गर्भपाताचा झेंडा दिला. मला हे अर्धंच पटतं. पुढाऱ्यांच्या डोक्यात कर असेलही, पण पत्रकं वाटणाऱ्या बायाबापड्यांच्या डोक्यात नक्कीच नव्हता.

आयोवातली १९७८ ची सेनेटची निवडणूक बघ. डेमोक्रॅट डिक क्लार्क पुन्हा येणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मतदानाच्या आदल्या रविवारी लोक आत प्रार्थनेला बसलेले असताना कार्यकर्ते चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्यागाड्यांवर गर्भपातविरोधी पत्रकं लावत फिरले. मंगळवारी क्लार्क पडले. पुढच्याच वर्षी जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली, आणि १९८० मध्ये तेच रेगन गर्भपातविरोधी उमेदवार म्हणून उभे राहिले.

पण खरी चिकाटी दिसली ती कोर्टाच्या बाबतीत. १९९२ च्या 'केसी' खटल्यात 'रो'चा गाभा वाचवला तो ओकॉनर, अँथनी केनेडी आणि सूटर या तीन न्यायाधीशांनी. तिघेही रेगन किंवा थोरल्या बुशनी नेमलेले! हे चळवळीला असं झोंबलं की 'पुन्हा सूटर नको' ही घोषणाच झाली. २००५ मध्ये धाकट्या बुशनी आपल्या खास विश्वासातल्या हॅरिएट मायर्स यांचं नाव न्यायाधीशपदासाठी पुढे केलं, तर आपल्याच गोटातून ओरड झाली आणि नाव मागे घ्यावं लागलं. त्या जागी आले सॅम्युएल अलिटो, आणि २०२२ मध्ये 'रो' मोडीत काढणारा निकाल लिहिला तो त्यांनीच.

आता ट्रम्प. १९९९ मध्ये टीव्हीवर हा गृहस्थ सांगत होता की आपण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे आहोत. २०१६ मध्ये त्याने सरळ संभाव्य न्यायाधीशांची यादीच छापून दिली. किराणा दुकानात द्यावी तशी यादी, आणि माल पोचता केला! तीन नेमणुका झाल्या आणि २४ जून २०२२ ला 'रो' गेला. ज्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं वाट पाहिली, त्यांना त्याच्या लग्नांशी काय देणंघेणं?

गंमत त्यानंतरची. कॅन्सससारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्यात दोनच महिन्यांत ५९ टक्के लोकांनी गर्भपाताचा हक्क काढून टाकायला नकार दिला. आमच्या ओहायोत रिपब्लिकन सत्ताधाऱ्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यघटना बदलायला लागणाऱ्या मतांची अट साध्या बहुमतावरून साठ टक्क्यांवर न्यायचा डाव टाकला. तो फसला, आणि नोव्हेंबरात जवळजवळ ५७ टक्क्यांनी तो हक्क घटनेत आला. आमच्या समोरच्या आजीबाईंच्या हिरवळीवर तेव्हा तारेच्या पायांवर 'होय' म्हणणारी पाटी होती. पुढच्या वर्षी त्याच जागी ट्रम्पची. मी न राहवून विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई आणि तिचा डॉक्टर यांच्यामध्ये सरकार कशाला? आणि माझ्या पगारामध्ये तरी कशाला?" पुराणमतवादी विचार म्हणून हे किती चोख आहे बघ! ट्रम्पला हे बरोबर कळलं. २०२४ च्या जाहीरनाम्यातून देशव्यापी बंदीची भाषा गेली, राज्यांनी आपलं बघावं असं आलं, आणि चळवळीतले जुने लोक चरफडले.

आपल्याकडे का नाही पेटलं हे, असं तू विचारशीलच. आपला १९७१ चा कायदा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालावरून आला. कुटुंबनियोजनाच्या आणि बायकांचे जीव वाचवण्याच्या वाटेने, पाप-पुण्याच्या नव्हे. त्यात कुठल्याच पक्षाला मतांची सोय दिसली नाही. आपलं भांडण झालं ते लिंगनिदानावर, आणि ते वेगळंच.

इथली पुढची लढाई गोळ्यांवर आहे. मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीविरुद्धचा खटला सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये फेटाळला, पण फिर्याद करणाऱ्यांना तो अधिकारच नाही एवढ्याच मुद्द्यावर. गोळीबद्दल कोर्ट काही बोललंच नाही. तेव्हा ही मंडळी दुसरे फिर्यादी शोधणार. उरलेलं डिसेंबरात आलो की कट्ट्यावर बोलू. काकूंच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश