दप्तर घेतलेले बाप्ये

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिग्या,

पत्र मिळालं. 'ग्ली', म्हणजे अमेरिकन शाळेतल्या गाण्याच्या क्लबवरची ती मालिका, सुरुवातीलाच बंद करून टाकलीस आणि कारण काय, तर "तिशीतल्या बाप्यांच्या पाठीला दप्तरं लावल्यात." हे वाक्य मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि घरात वणवा पेटला. पुतणी एकीकडे, तुझी वहिनी दुसरीकडे, आणि नेमके तेव्हाच शेजारचे तात्या पेपर परत द्यायला आलेले. तात्यांनी उमेदीच्या काळात संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केलीय हे तुला माहीतच आहे. ते बसले ते बसलेच. म्हणून हे लांबलचक उत्तर.

तक्रार खोटी नाही, हे आधीच कबूल. शाळकरी फिन झालेला कोरी माँटीथ 1982 चा. मालिका सुरू झाली 2009 ला, म्हणजे पहिल्याच वर्षी गडी सत्तावीसचा. आणि त्याला शिकवणारे शूस्टर सर, म्हणजे मॅथ्यू मॉरिसन, 1978 चे. गुरू-शिष्यात साडेतीन वर्षांचं अंतर! तात्या म्हणाले, "एकाच तालमीतले वाटत्यात की दोघं." त्यात कर्ट झालेला ख्रिस कोल्फर त्या वर्षी खरोखरच 19 चा. तो शेजारी उभा राहिला की बाकीच्यांचं वय आणखीच उघडं पडतं.

पण दिग्या, गाणारी माणसं निवडली की हे व्हायचंच. ही पोरं स्वतः गातात. गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायचं आणि मग सेटवर त्यावर ओठ हलवत नाचायचं, पण आवाज त्यांचाच. (मशिनीनं तो इतका घासूनपुसून घेतलाय की कधीकधी आवाजाला माणसाचा वासच राहत नाही. ही माझी खरी तक्रार, पण ती पुन्हा कधीतरी.) सोळा वर्षांचा, गळा तयार, अभिनय येतो, नाचतो आणि दिवसभर शूटिंगला उभा राहतो, असा पोरगा आणायचा कुठून?

यावर तात्यांनी थेट आपल्या गावाचाच दाखला काढला. 1932 चा 'अयोध्येचा राजा', प्रभातचा, इथंच कोल्हापुरात झालेला. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, वय 50. तारामती दुर्गाबाई खोटे, वय 27. तेव्हा पार्श्वगायनाची सोय नव्हती. ज्याला गाता येतं त्यानंच कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं, मग केस काळे असोत की पांढरे. "आणि बालगंधर्व?" तात्या आवाज चढवून म्हणाले. "पन्नाशी उलटल्यावरबी लुगडं नेसून उभे राहिलेच की." पुतणीनं विचारलं, "आणि लोकांना चालायचं?" तात्या थोडे घुटमळले. म्हणाले, "ज्याला गाणं ऐकायचं हुतं त्याला चालायचं. ज्याला नाटक बघायचं हुतं तो कुरकुरायचा."

तात्यांच्या या उत्तरातच मला सगळं सापडलं. चेहऱ्यावरून चाललेलं भांडण बहुतेक वेळा लिखाणाचंच असतं. प्रसंग धरून ठेवत असेल तर नटाचं वय कुणी मोजत बसत नाही. प्रसंग ढिला पडला की डोळा रिकामा होतो आणि मग तो सुरकुत्या शोधतो, कपाळ किती मागं गेलंय ते बघतो. तू बंद केलीस ते फिनच्या दाढीच्या सावलीमुळं नव्हे. तुला तेव्हा कंटाळा आला होता.

आणि कंटाळा यावा असं लिखाण त्यात भरपूर आहे. पहिले दोन सीझन रायन मर्फी, ब्रॅड फालचक आणि इयन ब्रेनन या तिघांनीच लिहिले. चव्वेचाळीस भाग, तीन माणसं. तिसऱ्या सीझनपासून आणखी लेखक घेतले. तोवर माणसं भागागणिक बदलतात. परवा कट्टर वैरी असलेली आज गळ्यात गळा घालून गाते, का ते कुणी सांगत नाही. शूस्टर सरांच्या बायकोचं खोटं गरोदरपण किती ताणलंय! तुझी वहिनी म्हणाली, "नवऱ्याला एवढे महिने पत्ता लागत नाही, तर तो शिकवतो तरी काय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शिवाय एखाद्या गायिकेचीच गाणी घेऊन आख्खा भाग रचायचा, म्हणजे गाणं आधी ठरतं आणि प्रसंग त्याच्या मापानं कापला जातो. पण इथं तात्या हसले. आपल्याकडं तरी वेगळं काय होतं? आधी चाल, मग त्या चालीवर पद. आणि वन्समोअर पडला की रडून रडून आत गेलेली नायिका तोंड पुसून पुन्हा बाहेर, तेच पद गायला. मग या बिचाऱ्या अमेरिकनांनाच का धारेवर धरायचं?

पण दिसण्याचा प्रश्न या लेखकांनी कधीकधी फार नीट हाताळलाय, हे तुला कळायलाच हवं. दुसऱ्या सीझनमध्ये एक भाग आहे. नाचाच्या सरावात फिनचा हात लागून क्लबातल्या रेचलचं नाक मोडतं. डॉक्टर म्हणतात, दुरुस्त करतोच आहे तर थोडं लहानही करून देतो. पोरगी मोहात पडते. शेवटी सगळेजण पांढरे टीशर्ट घालून नाचतात आणि प्रत्येकानं आपल्याला ज्याची लाज वाटते ते छातीवर छापून घेतलेलं असतं. रेचलच्या छातीवर एकच शब्द, 'नाक'. ती ऑपरेशन करत नाही. रेचल झालेल्या लिया मिशेलच्या नाकावरून लोक वाद घालतच होते. लेखकांनी तोच वाद उचलून गोष्टीत घातला. पुतणीनं तो तुकडा मागं घेऊन पुन्हा लावला आणि तुझी वहिनी, जी एरवी "कसलं ते नाचणं" म्हणून उठून जाते, ती भाजी निवडायची थांबली.

क्लबातल्या मर्सिडीज या पोरीच्या बाबतीत मात्र हेच लेखक कमी पडले. ती झालेली अँबर रायली अंगानं भरलेली, आणि गळा असा की बाकीचे तिच्यापुढं फिके. पण गाणं रेचलला आणि शेवटची उंच तान तेवढी मर्सिडीजला. तिसऱ्या सीझनमध्ये ती चिडून क्लब सोडते आणि दुसऱ्या गटात जाऊन गाते, तेव्हा पुतणी सोफ्यावर उभी राहिली. म्हणजे प्रेक्षकांची तक्रार लेखकांच्या कानावर गेली होती. कानावर गेली, पण अंगी लागली नाही. थोड्याच भागांत ती पुन्हा मागच्या रांगेत.

आता एक भाग तू बघच. कोरी माँटीथ जुलै 2013 मध्ये गेला, 31 वर्षांचा. ऑक्टोबरमध्ये त्याच्या पात्राच्या मृत्यूचा भाग आला. लेखकांनी काय केलं माहितेय? फिन कसा गेला ते सांगितलंच नाही. कर्ट सुरुवातीलाच म्हणतो की लोकांना तेवढंच हवंय, मला त्याचं काही पडलेलं नाही. मग फिनची आई, सावत्र बाप आणि सावत्र भाऊ कर्ट त्याची खोली आवरायला बसतात. काय ठेवायचं, काय टाकायचं, असं चाललेलं असतं. मध्येच आई बोलायला लागते, की सकाळी जाग आल्यावर क्षणभर आपल्या लक्षातच नसतं, आणि मग आठवतं. बोलता बोलता ती कोसळते. गाणं नाही, नाच नाही. आमच्या खोलीत कुणी कुणाकडं बघेना. तात्यांना हे इंग्रजी निम्मंशिम्मंच कळत होतं, पण चष्मा पुसत बसले होते. त्या वेळी फिन सत्तावीसचा दिसायचा की सतराचा, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तात्या नंतर बराच वेळ गायक-नट केशवराव भोसल्यांवर बोलत होते. जुलै 1921 मध्ये मुंबईत दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेला संयुक्त मानापमान, बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर, आणि त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले, तेही एकतिसाव्या वर्षी. ऐकीव गोष्ट, पण तात्या ती पहिल्या रांगेत बसून बघितल्यासारखी सांगतात. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री इथलं केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह जळालं तेव्हापासून हा विषय निघाला की ते लवकर थांबत नाहीत, आणि आम्हीही थांबवत नाही.

एक वाद मात्र अजून लटकलाय, त्यावर तुझं मत हवं. मालिकेतला आर्टी व्हीलचेअरवर असतो, पण तो झालेला केविन मॅकहेल चालता-फिरता, पट्टीचा नाचणारा. एका भागात स्वप्नात आर्टी उठून मॉलमध्ये नाचतो. पुतणीचं म्हणणं, खुर्चीवरच्या माणसाचं काम खुर्चीवरच्याच माणसाला द्यायला हवं होतं. त्याच मालिकेत बेकी झालेल्या लॉरेन पॉटरला खरोखर डाउन सिंड्रोम आहे, तिथं जमलं मग इथं का नाही? तुझी वहिनी म्हणते, मग ते स्वप्न कसं दाखवणार होते? मी दोघींना मान डोलावली आणि दोघींच्या शिव्या खाल्ल्या. मला स्वतःला पुतणीचं जास्त पटतं. एका स्वप्नातल्या नाचासाठी सहा सीझनचं काम हातातून घालवावं, इतका काही तो नाच थोर नाही.

तर आधी नाकाचा भाग बघ, मग खोली आवरण्याचा, आणि आर्टीबद्दल लिहून पाठव. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता "बघतो, बघतो" म्हणतोस. वहिनींना नमस्कार. आईंचा गुडघा कसा आहे तेही कळव.

तुझा,
बाळ्या