मूठभर तांदळाचे डबे रविवारी आणायचेत
सर्वांना जय ख्रिस्त 🙏 या रविवारी उपासना झाली की डबे गोळा करणार आहोत, कृपया घरी विसरून येऊ नका. नवीन बहिणींसाठी सांगते, ही पद्धत मिझोरामच्या मंडळीची, तिथे घराघरात स्वयंपाकाला तांदूळ काढला की शिजवायच्या आधी त्यातली एक मूठ देवाच्या कामासाठी बाजूला ठेवतात, शंभरएक वर्षं झाली तरी चालूच आहे आणि त्यातून केवढं मिशनकार्य उभं राहिलंय. मला यातलं आवडतं ते हे की आठवड्यातून एकदा नाही तर दिवसातून दोनदा, कुकर लावायच्या घाईत, देवाची आणि उपाशी माणसाची आठवण होते. मूठ काढताना मुलांना जवळ घ्या, त्यांच्या हातानेच टाकू द्या, माझा धाकटा तर आता मी विसरले की "आई डबा" म्हणून हाक मारतो. याकोबाचं पत्र 2:15-16 एकदा घरी सगळ्यांनी मिळून वाचा. आणि हो, तांदूळ आपण जेवतो तोच टाका, किड लागलेला जुना नको. ज्यांच्या घरी सध्या अडचण आहे त्यांनी डबा न्यायचाय, द्यायचा नाही, मला एकटीला मेसेज करा, ग्रुपवर नाव येणार नाही.