‘गिफ्ट’चे विष हा योगायोग नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दांच्या गमतींचा एक चौकोन असतो. गेल्या रविवारी त्यात युरोपातल्या शब्दांची यादी होती. पहिलाच शब्द होता ‘गिफ्ट’: इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष, स्वीडिशमध्ये विवाहित. यादीच्या तळाशी एक ओळ होती, ‘भाषांचे विलक्षण योगायोग!’ त्या ओळीसाठी हे पत्र लिहीत आहे. २६ वर्षे मी जर्मन आणि स्वीडिशमधून तांत्रिक मजकुराचे भाषांतर करते. या दोन अक्षरी शब्दाशी माझी रोजची गाठ आहे आणि तो योगायोग नाही, हे मला अगदी कळकळीने सांगायचे आहे.

स्वीडिश ‘गिफ्ट’ मला पहिल्यांदा भेटला १९९८ साली, गोथेनबर्गला एका कचेरीच्या खिडकीपाशी. हातात नोंदणीचा अर्ज होता. जर्मन मला चांगली येत होती, स्वीडिश शिकायला नुकती सुरुवात केली होती. अर्जात एका ओळीत काही चौकोन होते आणि त्यांतल्या एकापुढे छापले होते ‘गिफ्ट’. जर्मन डोळ्यांना तिथे विष दिसले. विषापुढे बरोबरची खूण करायची की नाही, या विचारात पेन थांबले. खिडकीतल्या बाईंनी माझ्या बोटातल्या अंगठीकडे पाहिले, अर्जावरच्या त्या चौकोनावर बोट ठेवले आणि मान हलवली. तिथे वैवाहिक स्थिती विचारली होती. शेजारच्या चौकोनात ‘ओगिफ्ट’ होते, म्हणजे अविवाहित. त्या दुपारी मी ग्रंथालयात जाऊन व्युत्पत्तिकोश उघडला, आणि जे वाचले ते आजही तितक्याच आनंदाने सांगावेसे वाटते.

तिन्ही अर्थ निघाले ते एकाच क्रियेतून: देणे. इंग्रजी ‘गिव्ह’, जर्मन ‘गेबेन’, डच ‘खेव्हेन’ ही सगळी सख्खी भावंडे. त्या धातूला प्रत्यय लागून ‘गिफ्ट’ हे नाम झाले. त्यातल्या शेवटच्या ‘ट’कडे जरा निरखून पाहा. गम् धातूपासून गति, मन् पासून मति, कृ पासून कृति. यांत जो ‘ति’ आहे, तोच घासून घासून ‘गिफ्ट’च्या शेवटी उरला आहे. म्हणजे हा शब्द मुळात फक्त ‘देणे ही क्रिया’ एवढेच सांगत होता. काय दिले, कोणाला दिले, कशासाठी दिले, हे ज्या त्या भाषेने आपापले ठरवले.

स्वीडिश आणि डॅनिशने त्यात मुलगी देणे पाहिले. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. ‘धाकटी कुठे दिली?’ या प्रश्नात लग्न हा शब्दही येत नाही, तरी सगळे कळते. जुन्या इंग्रजीतही हा शब्द होता, तिथे त्याचा अर्थ होता वधूसाठी दिलेले मोल, आणि अनेकवचनात थेट विवाह. त्याचा उच्चार तेव्हा ‘यिफ्ट’च्या जवळ होता. पुढे इंग्लंडात स्थायिक झालेल्या उत्तरेकडच्या लोकांच्या नॉर्स भाषेतून कणखर ‘ग’ आला आणि भेट हा मोकळा अर्थ रुळला. ज्यांच्या पूर्वजांच्या बोलीतून इंग्रजीला हा ‘ग’ मिळाला, त्यांतले स्वीडिश लोक आज स्वतः ‘यिफ्ट’ म्हणतात.

राहिले विष. इथे गोष्ट वैद्यांच्या हातात जाते. ग्रीकमध्ये ‘दोसिस’ म्हणजे देणे. आपल्या ‘दा’ धातूचाच तो नातलग. वैद्य जे मोजून देतो ते ‘दोसिस’. तो शब्द लॅटिनमध्ये गेला आणि पुढे आपल्यापर्यंत ‘डोस’ होऊन आला. जर्मन भाषकांनी त्याचा शब्दशः तर्जुमा केला: दोसिस म्हणजे देणे, म्हणून गिफ्ट. ‘दोसिस’मधला शेवटचा भागही मुळात तोच ‘ति’ आहे, तेव्हा तर्जुमा धातूला धातू, प्रत्ययाला प्रत्यय असा नेमका उतरला. मग मात्रा प्राणघातक असली तरी तिला हाच शब्द लागू लागला. कारण विषाचे नाव कोणी उघड घेत नाही. आपणही ‘तिने काहीतरी घेतलं’ किंवा ‘त्याला कोणी काहीतरी दिलं’ एवढेच म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. जर्मनने तेच केले. झाकायला घेतलेला शब्दच पुढे उघडा झाला. आज जर्मनमध्ये भेटीला ‘गेशेंक’ म्हणतात, आणि ‘गिफ्ट’चा जुना अर्थ जिवंत आहे तो मुख्यतः ‘मिटगिफ्ट’ या शब्दात. ‘मिट’ म्हणजे सोबत, ‘मिटगिफ्ट’ म्हणजे मुलीसोबत दिलेला हुंडा.

फ्रेंच आणि इंग्रजीतला ‘पॉयझन’ याच वाटेने आला आहे. तो लॅटिन ‘पोतिओ’चा वंशज, आणि ‘पोतिओ’ म्हणजे नुसते पेय. आपले ‘पान’ (प्यायचे ते) याच घराण्यातले. डचने मात्र निराळी सोय लावली: शेवटचा ‘ट’ गाळून ‘गिफ’ केले तर विष, ‘ट’ ठेवला तर देणगी.

हे एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी धातू धुण्याच्या एका रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक माझ्याकडे तपासायला आले. मूळ स्वीडिश, त्यावरून यंत्राने केलेले मराठी. अशा पत्रकात १६ भाग असतात आणि चौथा प्रथमोपचाराचा. स्वीडिश मजकूर सांगत होता की ११२ वर फोन करा आणि ‘गिफ्टइन्फर्मेशन’ मागा, म्हणजे विषबाधेची माहिती देणाऱ्या केंद्राला जोडून घ्या (स्वीडिशमध्येही ‘गिफ्ट’चा दुसरा अर्थ विष हाच आहे). मराठीत उतरले होते: ‘११२ वर फोन करून भेटवस्तूंची माहिती मागा.’ यंत्र बहुधा मधल्या इंग्रजीतून गेले होते आणि ‘गिफ्ट’ तिथे ओळखीचा दिसला म्हणून तसाच पुढे सरकला. माझ्या आधी तो मजकूर दोन जणांच्या नजरेखालून गेला होता. डोळ्यांत रसायन गेलेला एखादा कामगार आणि हातात हे पत्रक घेऊन धावणारा त्याचा सोबती, हे चित्र त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. त्यामुळे हा शब्द नुसती गंमत म्हणून छापलेला पाहिला की मला राहवत नाही.

आपल्या यादीत ‘रोक’ हा शब्दही आहे. पोलिश आणि चेकमध्ये वर्ष, क्रोएशियनमध्ये मुदत, रशियनमध्ये नियती, डचमध्ये घागरा. यातले पहिले तीन अर्थ पुन्हा एकाच घरचे. स्लाव्ह भाषांतल्या ‘सांगणे’ अर्थाच्या धातूपासून ‘रोक’ निघाला. सांगून ठरवलेली वेळ, ही त्याची मूळ कल्पना. ठरलेली वेळ म्हणजे मुदत, ठरलेला फेरा म्हणजे वर्ष, आणि आधीच ठरून गेलेले ते प्राक्तन. आपल्याकडेही ‘नियत’ वेळ आणि ‘नियती’ शेजारीशेजारीच राहतात. डच घागरा मात्र खरोखरच परका, त्याचा या कुटुंबाशी काही संबंध नाही. एकाच शब्दात नाते आणि योगायोग दोन्ही सापडावेत, असे उदाहरण सहसा मिळत नाही. आपल्या चौकोनात ते एका ओळीत संपून गेले. त्याच स्लाव्ह भाषांतला ‘लेतो’ही घेता आला असता. रशियनमध्ये तो उन्हाळा, स्लोव्हेनियनमध्ये वर्ष. रशियन माणूसही वर्षे मोजताना पाच म्हटले की ‘लेत’ म्हणतो, म्हणजे एका अर्थी उन्हाळेच मोजतो. आपण ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतो, आणि ‘वर्ष’ या शब्दात तर पाऊसच आहे.

खरे योगायोगही आपल्या यादीत आहेत. इटालियन ‘बुर्रो’ (लोणी) आणि स्पॅनिश ‘बुर्रो’ (गाढव) यांची मुळे वेगळी: लोण्याचा शब्द ग्रीक ‘बूतिरोन’वरून लॅटिनमार्गे आला, गाढवाचा लॅटिनमधल्या लहान घोड्याच्या नावावरून. स्वीडिश ‘अल’ (बिअर) आणि जर्मन ‘अल’ (तेल) यांचेही तसेच. हे शब्द वेगवेगळ्या गावांहून निघून एका फाट्यावर भेटले. त्यांना योगायोग जरूर म्हणा.

माझी विनंती एवढीच आहे की येत्या रविवारी त्याच चौकोनात ‘गिफ्ट’बद्दलची दुरुस्ती छापावी, आणि पुढे असे शब्द देताना रक्ताचे नाते असलेले आणि नसलेले वेगळे दाखवावेत. शाळेतली मुले ही पुरवणी कापून वहीत चिकटवतात; त्यांना ‘का’ हा प्रश्न पडतो आणि तिथे ‘योगायोग’ लिहिलेले असले की तो तिथेच थांबतो. दुरुस्तीसोबत छापायला एक जोडी देते: जर्मन ‘आयटर’ म्हणजे पू आणि आइसलँडिक ‘एइतुर’ म्हणजे विष. दोन्ही एकाच मुळाचे शब्द आहेत.

आपली विश्वासू,
एक भाषांतरकार आणि नियमित वाचक