ऊन न लागलेला दगड

पुणे,
१४ जुलै

प्रिय सुहास,

परवापासून नदीपात्रात ढोलपथकाचा सराव सुरू झालाय. खिडकी उघडली की पहिला हात, म्हणजे ढोलाचा पहिला ठेका, ऐकू येतो. नवीन पोरं असणार, कारण टोल एकत्र पडत नाहीत, मागून कुणीतरी घरंगळत येतंच. खांद्याचं तुला माहीत आहेच. डॉक्टरांनी यंदाही ढोल बांधायला सक्त मनाई केली आहे. पहिल्या दिवशी मी खिडकी लावून घेतली, हेडफोन चढवले आणि वर्षभर ज्याच्यावर जगतोय ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्याबद्दल तुला फोनवर सांगायला गेलो की दरवेळी घाईत राहून जातं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

हाइलुंग नावाचा बँड आहे. हा जर्मन शब्द, अर्थ ‘बरं होणं’. मुख्य माणसं तीन: जर्मनीचा काई उवे फाउस्ट, डेन्मार्कचा क्रिस्टोफर यूल आणि नॉर्वेची मारिया फ्रान्झ. २०१७ साली नेदरलँड्समधल्या कॅसलफेस्ट या महोत्सवात त्यांचा जो कार्यक्रम झाला, त्याचं हे रेकॉर्डिंग. नाव ‘लिफा’, म्हणजे जुन्या नॉर्स भाषेत ‘जगणं’. साधारण सव्वा तासाचं आहे. आणि झालं कुठं माहितीये? लिसेला, क्योकेनहोफच्या किल्ल्यापाशी! ट्युलिपच्या बागेला गेला होतास ना, तिच्या शेजारीच. तुझ्या लायडनपासून सायकलवर जाता येईल इतकं जवळ.

लोक याला निओफोक म्हणतात, म्हणजे जुन्या लोकसंगीतावर बेतलेलं नवं संगीत. ते स्वतः म्हणतात, आम्ही इतिहासाचा फक्त आवाज वाढवतो. मला हे पटतं, कारण त्यांचे बरेचसे शब्द खरोखरच दगडांवरून आणि धातूवरून उचललेले आहेत. ‘इन माइद्यान’ या गाण्यात ‘हारिगास्ती तेइवा’ असे शब्द येतात. स्लोव्हेनियात नेगोवाजवळ १८११ साली काशाची २६ शिरस्त्राणं एकत्र सापडली, त्यांतल्या एकावर हीच अक्षरं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षं गप्प पडलेलं एक नाव, आणि फाउस्ट ते घशाच्या तळातून, खर्जाच्याही खालून काढतो. समोरची गर्दी ओरडून दाद देते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, दरवेळी.

पण माझा जीव अडकलाय तो ‘क्रिग्सगाल्दर’ या गाण्यात. ढोल अगदी संथ. तुला आठवतं, पथकातले दादा आपल्याला सांगायचे, जोरात वाजवणं कुणालाही येतं, दोन टोलांच्या मधलं थांबणं धरून ठेवता आलं पाहिजे? इथं नेमकं ते थांबणं ऐकू येतं. टोल पडतो, ढोलाचं पान थरथरून शांत होतं, आणि पुढचा टोल आता येईल असं वाटतं तेव्हा येत नाही, किंचित उशिरा येतो. त्या फटीतून मारियाचा आवाज वर येतो. डोक्यावर हरणाची शिंगं, डोळ्यांवर झालर. चेहरा जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे आवाज कुणा एका बाईचा राहत नाही. मग फाउस्ट बोलायला लागतो, आणि एकदम इंग्रजीत. मला समजुतीचं, शांततेचं बोलायचं आहे, पण तुला तलवारीचीच भाषा कळत असेल तर मी काय करू, असं काहीसं. तो हे म्हणत नाही, तळतळून विचारतो.

मारिया जे गाते त्याचा अर्थ मी शोधत गेलो आणि एका दगडापाशी पोचलो. नॉर्वेत सोग्नदालला एग्या नावाचं शेत आहे. १९१७ साली नांगरताना तिथं एक शिळा लागली. खाली कबर होती आणि शिळेची कोरलेली बाजू मातीकडे, मेलेल्याकडे तोंड करून. सुमारे दोनशे रून अक्षरं (रून म्हणजे उत्तर युरोपातली जुनी लिपी), त्या जुन्या लिपीतला सगळ्यात मोठा लेख. त्यात एक वाक्य असं वाचतात, की या दगडाला ऊन लागलेलं नाही आणि तो सुरीने कापलेला नाही. म्हणजे ज्यानं कोरलं त्यानं ते अंधारात कोरलं आणि कुणी वाचावं म्हणून कोरलंच नाही. सुहास, हे कळल्यापासून मी ते गाणं आडवं पडून ऐकूच शकत नाही. उठून बसतो.

आता तू म्हणशील, स्टुडिओतलंही आहेच की. आहे, ‘ओफनिर’ या २०१५च्या अल्बममध्ये हेच गाणं आहे, आणि स्वच्छ आहे. पण तिथं समोर माणसं नाहीत. लिफामध्ये हजारो माणसांचा श्वास आहे. कधी सगळे एकदम गप्प होतात, आणि ती शांतताही ऐकू येते, मांडवात ध्वज उचलण्याआधी होते तशी. शेवटचं ‘हाम्रेर हिप्पियेर’ तर स्टुडिओत त्यानंतर दोन वर्षांनी, २०१९च्या ‘फुथा’मध्ये आलं. त्या मैदानातल्या लोकांनी ते अल्बमच्या आधी अंगावर घेतलं. त्यात रंगमंचावरचे भालेवाले, ढालवाले सगळे नाचायला लागतात, ताल चढत जातो, आणि माझा उजवा हात आपोआप मांडीवर टिपरू मारायला लागतो. खांदा दुखतो, पण वाईट दुखत नाही.

हा बँड वापरतो त्या जुन्या चिन्हांवर हल्ली भलतेच लोक हक्क सांगतात. हाइलुंगनं आजच्या कुठल्याही राजकारणाशी आम्हाला जोडू नका असं स्पष्ट सांगून ठेवलंय. मला त्यांचा हा कडकपणा आवडतो.

तर मागणं एवढंच. एखाद्या रविवारी सायकल काढ आणि लिसेला जा. किल्ल्यासमोर उभा राहा, हेडफोन लाव, क्रिग्सगाल्दर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक, मध्ये फोन आला तरी घेऊ नकोस. मग मला सांग, त्या जागेवरून ढोल कसा लागतो. जमीन भुसभुशीत आहे की कडक, गवत आहे का, झाडं किती जवळ आहेत, सगळं लिही. तू टोल धरायचास आणि मी तुझ्या मागे वाजवायचो, त्यामुळे या बाबतीत तुझ्या कानावर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा. खाली दुसरा हात सुरू झालाय, आज टोल जरा बरे पडतायत. खिडकी उघडतो.

तुझा,
नंदू